‘एमजीबी’ची पुढची काच सिलिकॉनने चिकटवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की मुंबई-पुण्यात जुन्या मोटारींच्या रॅली निघतात आणि वृत्तपत्रांत त्यांचे फोटो छापून येतात. फोटोखाली गाडीचे साल असते, इंजिन किती सीसीचे ते असते. दार एका बोटाने लागते का, पावसात पुढच्या काचेखालून पाणी गळते का, हे कोणी विचारत नाही. उघड्या दोन आसनी गाडीचे मूळपण मात्र सगळ्यांत आधी याच दोन जागी जाते. इंजिन कोणीही जपून उघडतो. काचेची चौकट आणि दाराची हँडले ‘जुनी झाली’ म्हणून सरळ भंगारात जातात आणि त्यांच्या जागी मिळेल ते बीडिंग, पॉप रिव्हेट आणि नळीभर सिलिकॉन येते. यातला बहुतेक माल वाचवता येतो. कसा, ते सविस्तर लिहीत आहोत.

याला कायद्याचीही बाजू आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेला नसेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. काचेचे रबर बदलले म्हणून कोणी नोंदणी नाकारणार नाही. पण मूळ चौकट बसत नाही म्हणून स्कटलचा, म्हणजे बॉनेट आणि पुढच्या काचेमधल्या भागाचा, पत्रा कापून वेगळीच काच बसवली, तर तो बॉडीतला फेरफारच झाला.

उदाहरणासाठी एमजीबी ही ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतो, कारण तिच्यातल्या खोडी ठरलेल्या आहेत आणि त्यांवरचे उपायही. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात ही गाडी बनली, पक्क्या छपराची कूपे धरून पाच लाखांवर. आपल्याकडे ती थोडी, पण इंग्लंड-अमेरिकेत घरच्या गॅरेजात स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याजोगी जुनी स्पोर्ट्स कार म्हणून तिचेच नाव आधी निघते. तिकडच्या मराठी वाचकांपैकी काहींच्या दारात ती उभी असेलही.

आधी हत्यारांचे बोलू. या गाडीचे बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आहेत आणि पाने इंचाचे लागतात. पाव इंची बोल्टला 7/16 चा पाना, 5/16 च्या बोल्टला अर्ध्या इंचाचा. आपल्या गॅरेजात हाताशी असतो 13 नंबरचा. तो अर्ध्या इंचाच्या डोक्यावर किंचित सैल बसतो आणि गंजलेल्या बोल्टची डोकी गोल करतो. त्याहून वाईट म्हणजे हरवलेल्या बोल्टच्या जागी मेट्रिक घालणे. 8 मिमीचा बोल्ट 5/16 च्या आट्यात एक-दोन फेरे छान जातो, कारण जाडीत फरक फक्त सहा शतांश मिलिमीटरचा. पुढे आट्यांचे अंतर जुळत नाही, बोल्ट अडतो, जोर लावला की आतले आटे साफ होतात. पाव इंचाच्या जागी 6 मिमीचा तर नुसता लटकतो. सगळे स्क्रू, वॉशर आणि पट्ट्या जागेप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत ठेवा आणि पिशवीवर ‘डावा खांब, खालचा बोल्ट’ असे स्पष्ट लिहा. खांब आणि बॉडीच्या मध्ये निघणाऱ्या पातळ पट्ट्या फेकू नका. त्या कचरा वाटतात, पण काचेचा कोन त्यांनीच धरलेला असतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे: आधी सिल, मग दार, मग पुढची काच, मग क्वार्टर ग्लास (दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली छोटी काच), शेवटी रबरे आणि हूड, म्हणजे कापडी छत. हा क्रम उलटा केला की प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते.

सिल आधी का? एमजीबीला वेगळी चॅसी नाही. तिच्या उघड्या प्रकाराला, म्हणजे रोडस्टरला, डोक्यावर छप्परही नाही. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे बरेचसे काम दाराखालच्या सिलवर पडते. वरून चकचकीत दिसणारे सिल आतून कुजले असेल, तर गाडी मध्ये झुकते आणि दाराची मागची फट वरच्या टोकाला चिंचोळी होते. तपासायचे असेल तर दार बंद ठेवून ही फट वर आणि खाली मोजा, मग गाडी मागच्या बाजूने जॅकवर उचला आणि पुन्हा मोजा. आकडे बदलले किंवा दार अडकायला लागले, तर बिजागऱ्यांना हात लावू नका. दोष सिलमध्ये आहे. अशा गाडीचे दार घासून किंवा बिजागरीखाली वॉशर भरून ‘बसवणारे’ डेंटर खूप आहेत. सहा महिन्यांत फट पुन्हा बिघडते आणि पुढे सिल बदलले की तेच घासलेले दार उघडेबोडके दिसते. सिल कापताना दाराच्या चौकटीला आडवा लोखंडी आधार वेल्ड करायचा आणि दर टप्प्याला दार लावून फट पाहायची.

सिल ठीक असेल तर दाराकडे वळा. लॉकची समोरची पट्टी, म्हणजे स्ट्रायकर, काढून ठेवा. सगळी रबरे काढा. दार फक्त बिजागऱ्यांवर टांगा. बिजागरीचे स्क्रू मोठे, क्रॉस खाचेचे आणि बहुधा पक्के गंजलेले असतात. साध्या पेचकसाने खाच खराब होते. हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडा. दार अर्धे उघडून मागच्या कडेला धरून उचला. कडकड खेळ लागला तर पिन झिजली आहे. ती बिजागरी बदला किंवा भोक रीम करून जाड पिन घाला. मग फट सारखी करा. चार ते पाच मिलिमीटर चांगली, पण आकड्यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत एकसारखी असणे महत्त्वाचे. रिकामे दार टांगत असाल तर मागची कड एखादा मिलिमीटर वर ठेवा, कारण काच, ती वर-खाली करणारा रेग्युलेटर आणि क्वार्टर ग्लास चढल्यावर ती तेवढी खाली येते. स्ट्रायकर सगळ्यांत शेवटी. त्याचे काम बंद दार धरून ठेवण्याचे, दार उचलण्याचे नव्हे. दार लागताना स्ट्रायकरवर चढत असेल तर बिजागरीचे काम अर्धवट राहिले आहे.

दार हातात आहे तोवर एक भेग शोधा. क्वार्टर ग्लासची मागची उभी पट्टी दारात जिथे उतरते, त्याच्या जवळ दाराच्या वरच्या कडेपासून बाहेरच्या पत्र्यात खाली जाणारी केसासारखी रेघ. एमजीबीचा हा खानदानी आजार आहे. दार आपटले की क्वार्टर ग्लासची ताठ चौकट आणि पातळ पत्रा वेगवेगळे हलतात आणि ताण नेमका त्या कोपऱ्यावर येतो. त्यात त्या पट्टीचे दाराच्या आतले खालचे बोल्ट सैल असतील किंवा कोणी परत लावलेच नसतील, तर भेग ठरलेलीच. लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की ती झाकते आणि पुढच्या पावसाळ्याआधी रंग फोडून वर येते. खरी दुरुस्ती अशी: रंग खरवडून भेगेचे शेवटचे टोक भिंगाखाली पाहा, तिथे अडीच-तीन मिलिमीटरचे भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग बेताच्या उष्णतेने टिग वेल्ड करा, थांबून थांबून, नाहीतर दाराचा मोठा सपाट पत्रा लाटा धरतो. आतून त्याच जाडीच्या पत्र्याचा छोटा तुकडा जोडा. नंतर ते खालचे बोल्ट न विसरता कसा.

हँडलांमध्ये दोन प्रकार आहेत. 1965 पर्यंतच्या रोडस्टरला ओढायचे हँडल होते, नंतर बटणाचे आले. आतले लॉकही वेगळे आहे, म्हणून एकाच्या जागी दुसरे सहज बसत नाही. साल पाहून भाग मागवा. बटणाच्या हँडलमागे एक लहान दट्ट्या असतो, त्याला स्क्रू आणि लॉकनट आहे. दट्ट्या आणि लॉकची जीभ यांत एक ते दीड मिलिमीटर मोकळी जागा हवी. अजिबात जागा नसेल तर खड्ड्यात बॉडी मुरगळताच दार आपोआप उघडू शकते. जास्त असेल तर बटण पूर्ण दाबूनही दार उघडत नाही आणि मग लोक लॉकला दोष देतात.

क्रोमिंगला टाकण्याआधी धातू ओळखा. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानशीचा एक हात मारा. पिवळे दिसले तर पितळ. ते कितीही वेळा क्रोम होते. राखाडी, मऊ आणि हलके लागले तर जस्ताचे ओतीव. यावर फोड आलेले असतात आणि फोडाखाली खड्डे. हे काम प्रत्येक प्लेटिंगवाल्याचे नाही. जस्तावर थेट आम्ल तांब्याच्या टाकीत थर द्यायला गेले तर आम्ल जस्तच खाते. आधी सायनाइड तांब्याचा पातळ थर बसावा लागतो, मग खड्डे भरणे, घासणे, पुन्हा तांबे, निकेल आणि शेवटी क्रोम. कारागिराला पहिला थर कशाचा देणार, एवढे विचारा, उत्तरावरून कळते. जस्ताचे हे मिश्रण चारशे अंशांच्या आतच वितळते, म्हणून अडकलेला स्क्रू सोडवायला त्यावर गॅसची ज्योत धरू नये. बफिंगवाल्यालाही बजावून सांगा, नाहीतर हँडलच्या कडा गोल होऊन येतात आणि त्या परत मिळत नाहीत.

आता पुढची काच. रोडस्टरच्या काचेची चौकट अ‍ॅल्युमिनियमची: वरची पट्टी, खालची पट्टी आणि दोन खांब. खांबांची शेपटे स्कटलमधल्या खाचांतून खाली उतरतात आणि डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांमागे आतून प्रत्येकी दोन बोल्टांनी कसलेली असतात. मध्ये आरसा ज्यावर बसतो तो उभा दांडा असतो, त्याच्या खालच्या पकडीचे स्क्रू वेगळे. बोल्टपर्यंत हात पोचायला डॅशबोर्ड सैल करावा लागतो, म्हणून बॅटरीची तार आधी काढा. अमेरिकेत गेलेल्या, 1960 च्या दशकाच्या अखेरीनंतरच्या गाड्यांना फुगीर गादीचा डॅशबोर्ड आहे. तिथे काम आणखी अडचणीचे. (त्याच गाड्यांना तीन वायपर असतात. ‘मूळ दोनच होते’ म्हणून तिसरा काढणारे भेटतात. त्या गाडीला मूळ तीनच होते.) बोल्ट निघाले तरी चौकट लगेच हलत नाही, कारण खालचे रबर पन्नास वर्षांत रंगाला चिकटलेले असते. रबर पातळ सुरीने सोडवा, दोघांनी दोन खांब धरून सरळ वर उचला. एकाच बाजूने उचलले की काचेला पीळ बसतो.

चौकट सोडवताना खरा वैताग कोपऱ्यांतल्या स्क्रूंचा. स्क्रू पोलादी, पट्टी अ‍ॅल्युमिनियमची, मध्ये पन्नास वर्षांचे पाणी: अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते, तीच स्क्रूला गच्च धरून बसते. आधी ही भुकटी टोच्याने खरवडा, तेल सोडा, हीट गनने गरम करा, गार होऊ द्या, पुन्हा तेल. हे दोन-तीन दिवस चालू द्यावे. अ‍ॅल्युमिनियम तापून लाल होत नाही, सरळ वितळून खाली पडते. म्हणून इथेही ज्योत नको. डोके तुटलेच तर मधोमध पंच मारून डाव्या आट्याच्या ड्रिलने भोक पाडा, पुष्कळदा तुकडा ड्रिलबरोबरच फिरून बाहेर येतो. आटे गेले असतील तर तारेचा इन्सर्ट बसवा, मोठा स्क्रू ठोकू नका. परत बसवताना स्क्रूला जस्ताची किंवा निकेलची अँटी-सीझ पेस्ट लावा. कॉपर ग्रीस इथे नको. तांबे अ‍ॅल्युमिनियमला पोलादाहून जास्त खाते.

चौकटीवर मूळचे अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा थर, असते. त्यावरच बफ मारला तर कुठे घासले जाते, कुठे राहते आणि चौकट ठिपकेदार दिसते. जुना थर प्लेटिंगवाल्याकडून पूर्ण उतरवून घ्या, चारशेपासून बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने लांबीच्या दिशेने घासा, मग पुन्हा अ‍ॅनोडाइझ करा. या चौकटीवर क्रोम चढवून लखलखाट करणे हा शुद्ध दिखाऊपणा आहे. कारखान्यातून ती तशी कधी निघालीच नव्हती.

काच वक्र आहे, त्यामुळे सपाट लॅमिनेटेड काचेतून कोणी कापून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. अ‍ॅक्रिलिक तर नकोच. मोटार वाहन नियमांत सेफ्टी ग्लास सांगितली आहे आणि वायपरने अ‍ॅक्रिलिकवर एका पावसात ओरखडे पडतात. जुनी लॅमिनेटेड काच ठेवायची असेल तर कडा नीट पाहा. कडेने दुधासारखा पांढरा पट्टा आला असेल तर थर सुटले आहेत. तो चौकटीत झाकला जात असेल तर चालेल. पण कडेला नखाएवढा टवका असेल तर ती काच वापरू नका. कसताना भेग तिथूनच सुटते.

काचेभोवतीचे यू आकाराचे रबर नवे लागते आणि बाजारातले पुष्कळ रबर मूळपेक्षा जाड असते. परिणाम असा की चौकट जुळवताना कोपऱ्यात पाच-सात मिलिमीटर फट राहते आणि स्क्रू भोकापर्यंत पोचत नाही. इथे हातोडा उचलला की काच गेली. रबर आधी तासभर उन्हात ठेवा, साबणाचे पाणी लावा, चौकट चारी बाजूंनी बसवा आणि तिच्याभोवती रॅचेटचा पट्टा गुंडाळून एक-एक दात कसत जा. दर चार-पाच दातांनी थांबा. फट हटेना तर पट्टा तसाच रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत रबर दबते. तरीही दोन मिलिमीटरपेक्षा जास्त उरले तर रबर चुकीचे आहे, दुसरे मागवा.

बॉडीवर बसवताना खालच्या पट्टीच्या खोबणीत तळाचे रबर सरकवून घ्या आणि दोन्ही टोकांना एखादा सेंटिमीटर जास्त ठेवा. रबर पुढे आकसते. आज नेमके कापलेले वर्षभरात कोपरा उघडा टाकते आणि पाणी बरोबर तिथूनच येते. खांबांच्या बुडाची रबरे आधी खांबावर चढवा, नंतर घालता येत नाहीत. चौकट खाली दाबली तरी बोल्टची भोके जुळत नाहीत, कारण तळाचे नवे रबर पूर्ण दबलेले नसते. एकाने दोन्ही खांबांच्या मुळाशी सारखा भार द्यायचा, वरच्या पट्टीवर कधीही नाही. दुसऱ्याने आतून निमुळता पंच भोकात घालून भोके जुळवायची आणि बोल्ट दोन-तीन आटे फिरवून सोडून द्यायचा. चारही बोल्ट सैल लागेपर्यंत एकही कसायचा नाही. मधला दांडा सगळ्यांत शेवटी आणि हलक्या हाताने. तो जास्त कसला की वरची पट्टी मधोमध खाली ओढली जाते, काचेवर ताण येतो आणि एखाद्या थंड सकाळी कोणी हात न लावता काच तडकते.

बोल्ट पक्के करण्याआधी क्वार्टर ग्लास दारात बसवून दार लावा. तिच्या चौकटीची पुढची कड आणि खांब यांतली फट वर-खाली सारखी हवी. वर जास्त दिसत असेल तर काच फार पुढे झुकली आहे. जपून ठेवलेल्या त्या पातळ पट्ट्या कमी-जास्त करून खांबाचा कोन सुधारा. मग क्वार्टर ग्लासचे बोल्ट सैल करून राहिलेला मिलिमीटर तिथे काढा. हे न करता जाड रबर चिकटवून फट भरली तर दार दर वेळी जोराने आपटावे लागते आणि वर सांगितलेली भेग पुन्हा सुरू होते.

कूपेचे, म्हणजे जीटीचे, काम निराळे: तिथे काच रबरातून थेट पत्र्यात बसते. रबराच्या ओठात तीन-चार मिलिमीटरची नायलॉन दोरी घाला, टोके खाली मधोमध एकमेकांवर येऊ द्या, एकाने बाहेरून तळहाताने दाबायचे आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. चकचकीत पट्टी रबरात आधीच बसवून घ्या.

दाराच्या रबरांतही जाडीचाच घोळ आहे. चिकटवण्याआधी वीतभर तुकडा मास्किंग टेपने लावून दार बंद करून पाहा. काचेच्या खोबणीतल्या फेल्टला इंजिन ऑइल लावू नका, धूळ धरून ते सॅंडपेपरसारखे होते. रेग्युलेटरच्या दातांना पांढरे लिथियम ग्रीस पुरेसे. दाराच्या आत पाणी येणारच, ते खालच्या भोकांतून जायला हवे, म्हणून ती भोके तारेने साफ करा आणि आतल्या कव्हरमागे जाड प्लास्टिकचा कागद ब्यूटाइल पट्टीने लावा, खालची कड दाराच्या आत खोचून. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांनी हे टाळले तर कव्हरचा पुठ्ठा एका पावसाळ्यात फुगतो.

राहता राहिले सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडते आणि त्याखाली पत्रा गंजतो. पुढे त्या जागी रंगही धरत नाही. रबराच्या ओठाखाली काही भरायचेच असेल तर कधीच न सुकणारे मॅस्टिक भरा, ते पुन्हा काढता येते.

शेवटी पाण्याची चाचणी. नळीला दाब कमी, सुरुवात खालून: आधी स्कटल, मग खांबांची मुळे, मग क्वार्टर ग्लास, शेवटी हूडची पुढची कड. प्रत्येक जागी पाच मिनिटे, आत एकजण टॉर्च घेऊन. सगळे कोरडे राहिले आणि तरी पायाखालचा गालिचा ओला झाला, तर काच पुन्हा उतरवू नका. बॉनेटच्या मागे हवेची जाळी आहे, तिच्याखालच्या हीटरच्या कप्प्यातून पाणी बाहेर काढणारी एक नळी खाली उतरते. पाने आणि माती साचून ती तुंबली की पाणी हीटरवाटे आत येते. लांब लवचिक तार घालून नळी मोकळी करा, वरून तांब्याभर पाणी ओता आणि गाडीखाली धार दिसते का ते पाहा.

आपले,
जुन्या मोटारींच्या दुरुस्तीत असलेले काही वाचक, पुणे